पोटच्या पोरांना न सांगता येणारं

नियम मोडला तो थोरल्या लेकीने, खळीने, आणि तोही जेवणाच्या वेळी, सगळ्यांच्या देखत.

या घरात तोंड चालवायचं तर हातही चालवायचे, हा नियम खळीच्या जन्माआधीपासूनचा. ऐकणाऱ्यांनी आपसात तोंडाने गुजगोष्टी करायच्या आणि न ऐकणाऱ्यांना मातीच्या ढेकळांसारखं बसवून ठेवायचं, हे इथे चालायचं नाही. म्हणून तर ही मंडळी स्वयंपाकघरात न जेवता खालच्या शिलाईच्या दुकानात, कापड बेतायच्या लांबरुंद टेबलाभोवती जेवत. वर भला मोठा दिवा, खाली सगळ्यांचे हात. आणि तरीही त्या सुट्टीच्या दुपारी, वाढता वाढता खळी मधल्या भावाकडे, चष्म्याकडे, वळली आणि नुसत्या ओठांनी काहीतरी पुटपुटली. चष्म्याने मान हलवली. त्याचे हात टेबलाखाली होते.

आईने टेबलावर मूठ आपटली. टाचण्यांची डबी आडवी झाली.

“काय बोललात? हातांनी सांगा.”

“काही नाही गं,” खळीचे हात म्हणाले. “मीठ कमी पडलंय का, ते विचारत होते.”

“मिठाचं बोलताना कुणाचं तोंड असं होत नाही. मी बहिरी आहे, आंधळी नाही.”

धाकटा भोवरा मोठ्याने हसला. तो आईसारखाच बहिरा, आणि त्याची बायको मास्तरीण हीसुद्धा बहिरी. थोरली खळी आणि मधला चष्मा मात्र ऐकणारे. अर्धं घर या तीरावर, अर्धं त्या, आणि मधला पूल म्हणजे खळी. गालावर बोट टेकवलं की खळी, डोळ्यांभोवती दोन वर्तुळं केली की चष्मा, डोक्यावर बोट गरगर फिरवलं की भोवरा. हातांवरची हीच नावं घरात खरी, कागदावरची शाळेपुरती. आईचं नाव दोन बोटांची उघडझाप करणारी कात्री. खळी फ्रॉक घालत होती तेव्हापासून आईच्या वतीने घरमालकाशी, कापडवाल्याशी, डॉक्टरांशी बोलत आली होती. चष्म्यालाही ते जमायचं, पण त्याचे हात तोतरे होते, असं आईचं मत.

मुलं काय लपवताहेत याचा आईला अंदाज होता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या ताकदीच्या गोळ्या खाऊन खाऊनही तिचं रक्त भरत नव्हतं. मशीनवर बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्या डॉक्टरांनी खळीला फोन केला होता, आणि तेव्हापासून खळी फारच गोड वागायला लागली होती. पोटची पोर अशी गोड वागली की समजावं, पाणी मुरतंय.

पण ताकाला जाऊन भांडं लपवणारी खळी एकटी नव्हती. आईही लपवत होती. तिची पाळी जाऊन वर्षं लोटली होती, आणि आता पुन्हा अंगावरून जायला लागलं होतं. आधी नुसते डाग, मग जास्त. शिलाईच्या दुकानात चिंध्यांना काय तोटा, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नव्हता. डॉक्टरांना सांगायचं, तर कुणाच्या तोंडून? मुलाच्या? मेले तरी नाही. मुलीच्या? मुलगी आधी घाबरणार, मग रडणार, आणि डॉक्टरांचं उत्तर साखरेत घोळवून आणणार. लिहून द्यावं, तर आईला अक्षरं येत होती, वाक्यं येत नव्हती. तिच्या वेळच्या शाळेत हात बांधून तोंडाने बोलायला शिकवत, त्यातच तिची शिकायची वर्षं वाया गेली. त्यामुळे दर खेपेला डॉक्टर विचारत, “आणखी काही त्रास?” खळीचे हात तेच विचारत, आणि आई म्हणे, “काही नाही.” की मिळाल्याच पुन्हा ताकदीच्या गोळ्या.

आता मात्र तिला भीती वाटत होती. असंच चाललं तर आपण न बोलताच मरू, ही ती भीती.

“मोठ्या इस्पितळात जायचंय,” चष्म्याने एकदाचे हात टेबलावर काढले. “साधीच तपासणी आहे. मी रजा घेतो, खळी येईल.”

“साधी असो नाहीतर वाकडी,” आई म्हणाली. “तुम्ही कुणी आत यायचं नाही. मला तिथली बाई हवी.”

“कुठली बाई?”

याच प्रश्नाची मास्तरीण वाट बघत होती. ती हातातला घास ठेवून सरसावून बसली. “दुभाषी. सरकारी इस्पितळांत आमच्यासाठी दुभाषी ठेवायचे, असा नियम झालाय. आपण मागायचं, त्यांनी द्यायचं. आणि घरच्यांना मध्ये बसवून वेळ मारून न्यायची नाही, हेही त्यात आहे.”

मास्तरीण बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. या नियमासाठी सरकारी कचेरीच्या पायऱ्यांवर उन्हातान्हात जी माणसं बसली, त्यांत ती पहिल्या रांगेत होती. तेव्हा घरात तिची यथेच्छ थट्टा झाली होती. न ऐकणारी माणसं न ऐकणाऱ्या सरकारपुढे बसलीत, यांचं जमेल छान, असं चष्मा म्हणाला होता. पण सरकारने ऐकलं, आणि चष्म्याला तोंडात बोट घालायची वेळ आली.

खळीचे हात हवेतच थांबले होते. “म्हणजे मी नको,” ती म्हणाली.

“तू नको असं कोण म्हणतंय?”

“तूच. इतकी वर्षं मी तुझे कान झाले. शाळा बुडवून, मैत्रिणींचे वाढदिवस सोडून. आणि आता भाडोत्री बाई आणायची?”

“आणि परक्या माणसापुढे घरचं कशाला काढायचं?” चष्मा बहिणीच्या बाजूने सरसावला. “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“झाकल्या मुठीने आम्हाला बोलता येत नाही, चष्म्या,” आई म्हणाली.

भोवऱ्याने टेबल थोपटून सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे ओढल्या. भोवरा भांडणात क्वचित पडायचा, पण पडला की थेट वर्मावर बोट ठेवायचा. “बाबांना काय झालं होतं?” त्याने विचारलं. “मला अजून माहीत नाही. कुणी सांगेल?”

सगळे हात खाली गेले. या घरात शांतता म्हणतात ती ही.

बाबाही आईसारखेच बहिरे, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. मशीनच्या खडखडाटात ऐकणारे कामगार वैतागत, बाबा मजेत शीळ घालत. शेवटच्या आजारात ते इस्पितळातून बाहेर आले की खळीला विचारत, “काय म्हणाले?” खळी म्हणे, “बरं वाटेल म्हणाले.” आईलाही तेच सांगितलं जाई. ज्या आठवड्यात ते गेले, त्याच आठवड्यात नव्या बुटांचं माप देऊन आले होते. बूट तयार झाल्याचा निरोप तेराव्यानंतर आला. मरणापेक्षा ते बूट आईला जास्त लागले होते. आपला माणूस निघालाय हे अख्ख्या इस्पितळाला माहीत, झाडूवाल्याला माहीत, आणि त्याचं त्यालाच माहीत नाही, ही चीड तिने आजवर गिळली होती.

“मग काय सांगायला हवं होतं मी?” खळी उभी राहिली. ती आता तोंडाने आणि हातांनी एकदमच बोलत होती. “मी कॉलेजात होते. त्या डॉक्टरांनी बाबांकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, केस हाताबाहेर गेलीय, यांना समजावून सांग. बाबा शेजारी बसून माझ्याकडे बघत हसत होते. माझ्या या हातांनी मी त्यांना ते कसं सांगणार होते?”

चष्मा तिच्याकडे बघत राहिला. “तुला एकटीला सांगितलं होतं?”

“मग काय गाव गोळा केलं होतं?”

चष्म्याने खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले. मग तो आईकडे वळला. त्याचे तोतरे हात हळू, पण नीट बोलले. “आई म्हणते तेच बरोबर. ते काम खळीचं नव्हतंच. पोरीच्या जातीवर एवढं ओझं टाकायचं नव्हतं, आणि पुन्हा टाकायचं नाही.”

घटकाभरापूर्वी बहिणीची तळी उचलणारा भाऊ असा उलटला म्हटल्यावर खळीला कुणीच उरलं नाही. ती ताट उचलून जिना चढून गेली. पायऱ्यांचे धक्के जमिनीतून आईच्या तळव्यांना कळले. लेकीला दुखावल्याचं वाईट वाटलंच. पण आईने मागे जाऊन तिची समजूत काढली नाही. आज समजूत काढली असती, तर उद्या खळीच आत आली असती.

आवराआवर होताच तिने सुनेचा दंड धरला आणि तिला कपडे घालून बघायच्या खोलीत नेलं. पडदा ओढला. आरशासमोर दोघी उभ्या राहिल्या, आणि जे पोटच्या पोरांना सांगता आलं नव्हतं ते आईने सुनेला चार खुणांत सांगून टाकलं.

मास्तरिणीचा चेहरा उतरला. “कधीपासून?”

“थंडीच्या आधीपासून.”

“आई!” तिने सासूचे दोन्ही हात घट्ट धरले, मग बोलायचं आहे हे आठवून सोडले. “उद्याच जायचं. हे सगळं, आत्ता मला सांगितलंत तसंच त्यांना सांगायचं.”

“भोवऱ्याला बोलू नकोस.”

“त्यांना कसली सांगतेय! त्यांच्या पोटात तीळ भिजत नाही.”

सकाळी आई पायात चपला सरकवत होती तेव्हा खळी दारात उभी होती. पर्स खांद्याला, डोळे सुजलेले. “आत येणार नाही,” तिने आधीच सांगून टाकलं. “पण बसमध्ये शेजारी बसायला परवानगी आहे ना?”

आईने तिच्या गालावर बोट टेकवलं. ‘खळी’ अशी हाक म्हणून नाही, नुसतंच.

इस्पितळाच्या पहिल्या खिडकीशी एक कारकून बसला होता. आईला दिसत होते ते फक्त ओठ. त्याचे ओठ कंटाळलेले, खळीचे आवळलेले. त्याने एकदा आईकडे बोट केलं, एकदा खळीकडे. खळीने मान हलवली. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. नियम कागदावर राहणार, आणि खळी आपल्याला धरून आत नेणार, असं तिला वाटलं. तेवढ्यात करड्या कोटातली, आखूड केसांची एक बाई लगबगीने येऊन शेजारी उभी राहिली. गळ्यातलं ओळखपत्र तिने दाखवलं आणि दुसऱ्याच क्षणी तिचे हात बोलू लागले.

“मी दुभाषी. उशीर झाला, दुसऱ्या वॉर्डात होते. इथे काय चाललंय ते हवंय?”

असं आईला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. “हो, हवंय,” ती म्हणाली. “सगळंच हवंय.”

“हे गृहस्थ म्हणताहेत, दुभाषीला वेळ लागेल, डॉक्टर थांबायचे नाहीत. तुमच्या मुलीला म्हणताहेत, तुम्ही यांच्या मुलगी आहात, मग तुम्हीच आत जाऊन सांगा की. आणि तुमची मुलगी म्हणतेय, मला हातांची भाषा येत नाही.”

आईने खळीकडे पाहिलं. खळीने दोन्ही हात काखांत दाबून धरले होते, जणू सुटले तर चुगली करतील.

“ते विचारताहेत, पोटची मुलगी असून येत नाही? ती म्हणतेय, मुळीच नाही. आमच्या घरात सगळे फार कमी बोलतात.”

आईला इतकं हसू आलं की तिला खिडकीचा कठडा धरावा लागला. दुभाषीने खिडकीशी जाऊन आपण आल्याचं सांगितलं. कारकुनाने खांदे उडवून आतलं दार दाखवलं. जाता जाता आईने मागे पाहिलं. खळीचे हात अजून काखांत होते आणि हनुवटी वर होती.

आत एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांनी सवयीने दुभाषीकडे बघून विचारलं, “यांना काय होतंय?” दुभाषीने ते हातांनी आईला सांगितलं, आणि पुढे म्हणाली, “मी त्यांना सांगतेय की तुम्हालाच विचारा.” डॉक्टरीणबाई ओशाळल्या, खुर्ची सरकवून आईच्या समोर आल्या. “काय होतंय तुम्हाला?”

आईचे हात वर झाले आणि मध्येच थबकले. “इथलं बाहेर जातं का?” तिने दुभाषीला विचारलं.

“मी इथलं काही बाहेर नेत नाही. तशी बोलीच असते.”

मग आईने सांगितलं. कधी सुरू झालं, किती जातं, कुठे दुखतं, मशीनवर बसलं की काय होतं. लाज वाटली नाही. लाज वाटायला समोर कुणी आपलं नव्हतं, यातच तर सगळी गंमत होती. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“इतके महिने? मग आधीच्या डॉक्टरांना का नाही सांगितलंत?”

“सांगायला माणूस आज मिळालं,” आई म्हणाली.

बाहेर बाकावर खळी होती. या दाराच्या बाहेर ती जन्मात कधी बसली नव्हती, तिची जागा नेहमी आत, दोघांच्या मध्ये. हातांना काही कामच नव्हतं. दार पातळ होतं आणि त्यातून दुभाषीचा आवाज ऐकू येऊ लागला. एक परकी बाई ‘मी’ म्हणत होती, ‘मला’ म्हणत होती, आणि ती आई होती. खळीचे कान तीक्ष्ण होते, घरात तेच तर एवढी वर्षं कामाला जुंपलेले. एक पुरतं वाक्य कानावर पडायच्या आत ती उठली आणि व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आई बाहेर आली तेव्हा ती तिला तिथे दिसली. एवढ्या लांब का गेली, हे आईला विचारावं लागलं नाही.

त्यानंतर तपासण्या झाल्या. गर्भाशयात कर्करोग निघाला. डॉक्टरीणबाईंनी हा शब्द आईच्या डोळ्यांत बघून सांगितला. दुभाषीच्या हातांनी त्याला ना साखर लावली, ना मीठ. आईने टेबलाची कड धरली, आणि मग बाबांनी जे कधी विचारलं नव्हतं ते सगळं विचारायला सुरुवात केली. मी मरणार का? आजार पसरलाय का? कापणार कोण, तुम्ही? याआधी कापलंय का कुणाला? मशीनचं पायडल मारता येईल का? केस जातील का? डॉक्टरीणबाई एकेकाचं उत्तर देत गेल्या. सुरुवातीलाच सापडलंय. शस्त्रक्रिया केली तर बरं व्हायची आशा पुष्कळ आहे. आणखी काही महिने गोळ्यांवर काढले असतेत, तर असं बोलता आलं नसतं.

“मग काढा,” आई म्हणाली. “त्याने त्याचं काम तीनदा चोख केलंय. आता सुट्टी.”

त्या संध्याकाळी तिने सगळ्यांना कापड बेतायच्या टेबलाशी बसवलं आणि स्वतः उभी राहिली. रोगाचं नाव सांगितलं, शस्त्रक्रिया सांगितली, काही मागे ठेवलं नाही. खळी ढसाढसा रडायला लागली. चष्म्याचा चेहरा पांढरा पडला. भोवऱ्याने टेबलावर डोकं टेकलं, मास्तरीण त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

“रडून घ्या,” आई म्हणाली. “झालं की विचारा. मी सगळं विचारून आलेय.”

शस्त्रक्रियेला भूल दिली तेव्हा दुभाषी उशाशी होती, डोळे उघडले तेव्हाही समोर तिचेच हात दिसले. “झालं,” ते हात म्हणाले. “तुम्ही इथेच आहात.” पण काढलेल्या भागाची तपासणी व्हायची होती, आणि तोवर कुणाच्या जिवात जीव नव्हता.

निकाल आला त्या दुपारी सगळे खाटेभोवती जमले होते. काचेच्या दारातून डॉक्टरीणबाई येताना दिसल्या, मागे दुभाषी. आईने उशीवरून मान उचलली.

“बाहेर व्हा सगळे.”

“आई, आता तरी!” चष्मा म्हणाला.

“त्या बोलल्या की तुझ्या आणि खळीच्या कानांवर ते माझ्याआधी पडेल. मग मी तुमची तोंडं बघून ओळखायचं? जन्मभर तेच केलं. माझं आहे, आधी मी.”

खळीनेच सगळ्यांना रेटत बाहेर नेलं आणि काचेचं जाड दार लावून घेतलं. चौघं काचेला नाक लावून उभे राहिले. ऐकणारे दोघं आणि न ऐकणारे दोघं आता सारखेच झाले. भोवरा मान वाकडी करून दुभाषीचे हात वाचायला बघत होता. आईने दुभाषीला दाराकडे पाठ करून बसायला सांगितलं.

डॉक्टरीणबाई आईकडे बघून बोलल्या. आजार होता तेवढा सगळा निघाला होता. कापून काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या, बाहेर काही पसरलं नव्हतं. आणखी कुठलं औषध नको, फक्त नेमाने दाखवायला यायचं. दुभाषीचे हात हे सांगता सांगता भराभर चालायला लागले होते, आणि आईने त्यांना अडवलं. “सावकाश,” ती म्हणाली. “पुन्हा सांगा.” तिला ते पुन्हा बघायचं होतं. दुभाषीने पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, आणि आईने एकेक खूण डोळे भरून पाहिली.

काचेपलीकडे चौघांचे हात एकदम वर झाले होते. आठही हात एकच विचारत होते. चष्म्याचे तोतरे हातसुद्धा.

आई उशीला टेकून सरळ बसली. टाके ओढले गेले, पण तिने तिकडे लक्ष दिलं नाही. दोन्ही हात खांद्यांच्या वर उचलून, व्हरांड्याच्या पार टोकाच्या माणसालाही वाचता यावं इतक्या मोठ्या खुणांनी ती म्हणाली, “बरी झाले! त्यांनी मला सांगितलं. मला!”